पाणी खोऱ्याचे, नियम प्लॉटचे

6 जून 2013. पुणे-सातारा महामार्गावर कात्रजच्या नव्या बोगद्यापलीकडे, भोर तालुक्यातील शिंदेवाडीजवळ, डोंगरावरून आलेला पाण्याचा लोंढा रस्त्यावर घुसला. मोटारीने प्रवास करणारी एक तरुण आई आणि तिची चिमुकली मुलगी त्यात वाहून गेल्या. वरच्या अंगाला डोंगर फोडून सपाटीकरण झाले होते आणि ओढ्याची नैसर्गिक वाट बुजली होती. पाऊस नेहमीसारखाच डोंगरावर पडला, पण नेहमीच्या वाटेने त्याला उतरता आले नाही.

या घटनेला आता एक तपाहून अधिक काळ लोटला आहे. या काळात नसरापूर, कापूरहोळपासून वेल्ह्याच्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याच्या रस्त्यापर्यंत प्लॉटिंग, फार्महाऊस, हॉटेले आणि गोदामे वाढत गेली. पुण्याच्या नियोजित पश्चिम वर्तुळाकार रस्त्याचे एक टोक भोर तालुक्यातील वरवे बुद्रुक येथे येणार आहे. 110 मीटर रुंदीचा हा मार्ग आला की त्याच्या दोन्ही बाजूंची जमीनही बदलणार, हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणूनच पावसाचे वाहते पाणी कसे हाताळायचे हा प्रश्न आता केवळ पुणे शहराचा राहिलेला नाही.

थेंब जमिनीवर पडल्यावर

भोर-वेल्ह्याचा डोंगर काळ्या बसाल्टचा आहे. अखंड बसाल्टातून पाणी जवळजवळ झिरपत नाही. ते मुरते ते खडकाच्या भेगांत, सच्छिद्र थरांत आणि वरच्या कुजलेल्या मुरमात. त्या मुरमावर मातीचा पातळ थर असतो आणि मातीवर गवत, झुडपे, पालापाचोळा. पावसाळ्यात ओढे सावकाश चढतात, पावसाळा सरल्यावरही काही महिने झरे वाहतात, ते या पातळ आवरणाच्या जोरावर. मुरूम खरवडून ट्रकमध्ये भरला की डोंगराची पाणी धरण्याची जागाच निघून जाते.

एक साधा हिशेब करून पाहू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक हेक्टर उतारावर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस झाला, तर पाच लाख लिटर पाणी पडले. दहा हजार लिटरचे पन्नास टँकर. जलशास्त्रात पावसाचा किती हिस्सा पृष्ठभागावरून वाहून जातो यासाठी अपधाव गुणांक वापरतात. गवत-झाडी असलेल्या जमिनीसाठी तो 0.3 धरला, तर पंधरा टँकर वाहतील. त्याच जागेवर काँक्रीटचे रस्ते, छपरे आणि फरशी आली आणि गुणांक 0.8 झाला, तर चाळीस टँकर. पाऊस तेवढाच, पण ओढ्यात येणारे पाणी अडीच पटींहून जास्त.

यापेक्षाही गंभीर बदल वेळेचा असतो. गवतातून, पाल्यातून वाट काढत येणारे पाणी थोडे-थोडे पोहोचते. गुळगुळीत गटारातून येणारे सगळे एकदम पोहोचते. त्यामुळे पूर लवकर येतो आणि त्याची उंचीही वाढते. पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर ते वाहून नेऊ शकेल अशा दगडाचे वजन सिद्धांतानुसार 64 पट होते. डोंगर फोडून सैल पडलेला राडारोडा पहिल्याच वळवात रस्त्यावर का येतो, याचे उत्तर या आकड्यात आहे.

मोरीचेही असेच आहे. ओढा उघडा ठेवण्याऐवजी पाइपात घालून वर भराव टाकण्याची पद्धत आता सर्रास दिसते. चार फुटी पाइपाऐवजी दोन फुटी पाइप टाकला, तर क्षमता निम्मी होत नाही. उतार आणि पृष्ठभाग तोच असला तरी ती सुमारे सहाव्या हिश्श्यावर येते. त्यात पालापाचोळा आणि प्लास्टिक अडकले की उरलेली क्षमताही जाते. मग भराव हाच बांध होतो आणि तो फुटला की खाली लोंढा जातो.

जुनी व्यवस्था

या तालुक्यांत पाणी धरणारी व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या उभी होती. माथ्याजवळ रान आणि देवराई, मधल्या उतारावर नाचणी-वरईची वरकस जमीन, पायथ्याला भातखाचरे, आणि त्यांच्या मधून उघडा वाहणारा ओढा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा या राया जैवविविधतेबरोबर पाणी राखण्याचे कामही करतात, हे जगासमोर आले. अनेक देवरायांच्या कुशीत झरा किंवा ओढ्याचा उगम असतो, तो योगायोगाने नव्हे.

भातखाचराकडे आपण फक्त शेत म्हणून पाहतो. पुराच्या दृष्टीने ते उत्तम साठवण तळे आहे. खाचराच्या बांधात 15 सेंटिमीटर पाणी धरण्याची मोकळी जागा असेल, तर एक हेक्टर खाचर 15 लाख लिटर पाणी अडवते. वरच्या उदाहरणातल्या तासाभराच्या मुसळधार पावसाच्या तिप्पट. श्रावणात खाचरे आधीच भरलेली असतात, तेव्हा ही क्षमता कमी होते. तरीही बांधावरून बांधावर उतरणारे पाणी संथच राहते. अशी खाचरे मुरमाने भरून त्यावर प्लॉट पाडले, की गावाचे एक पिढीजात पूरनियंत्रण संपते. त्याची किंमत खरेदीखतात कुठेच धरलेली नसते.

हे नुकसान केवळ गावापुरते राहत नाही. वेल्ह्यात अंबी नदीवरचे 10.65 टीएमसीचे पानशेत पुण्याची तहान भागवते. भोरमध्ये वेळवंडी नदीवरचे भाटघर आणि नीरेवरचे नीरा देवघर खालच्या दुष्काळी पट्ट्याची शेती जगवतात. डोंगरावरून सुटलेली माती शेवटी या जलाशयांत येऊन बसते.

कायदे आहेत, पण कशासाठी?

आपल्याकडे नियम नाहीत, असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 नुसार नद्या, ओढे, नाले ही, इतर कोणाचा हक्क सिद्ध झालेला नसेल तर, शासनाची मालमत्ता आहे. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर 2020 पासून लागू आहे. 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर पर्जन्यजल संधारण सक्तीचे आहे. साधारणपणे 1:5 किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकामाला मनाई आहे. नदीकाठी निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

पण या नियमांत काही मोठ्या फटी आहेत. पहिली म्हणजे, पर्जन्यजल संधारणाचा नियम भूजल पुनर्भरणासाठी आहे. भूखंडाबाहेर एका वेळी किती पाणी सोडता येईल, याची सरसकट मर्यादा त्यात नाही. छपराचे पाणी शोषखड्ड्यात गेले की अट पूर्ण. आवारातले काँक्रीट, रस्ते आणि पार्किंगवरचे पाणी थेट ओढ्यात. दुसरी, पूररेषा मोठ्या नद्यांना आखल्या जातात. शिंदेवाडीत जीव घेतला तो ओढ्याच्या पाण्याने. तिसरी, काठ स्पष्ट नसलेल्या सखल जमिनीतला जलप्रवाह परवानगीने वळवता येतो. फक्त आत येण्याची आणि बाहेर पडण्याची जागा बदलता येत नाही. सपाटीकरण केलेल्या जमिनीत मुळात काठच उरत नाही, आणि मग या सवलतीचा दरवाजा उघडतो. चौथी, डोंगर आधी फोडून सपाट केला की उताराचा नियम लागू करायला उतारच शिल्लक नसतो. त्या खोदाईसाठी गौण खनिजाची परवानगी लागते, पण तिचा विषय मुरूम असतो, पाणी नव्हे.

नियोजनाची स्थितीही आश्वासक नाही. भोर आणि वेल्ह्याचा बराच भाग 2015 मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत येतो. प्राधिकरणाचा प्रारूप विकास आराखडा 2021 मध्ये प्रसिद्ध झाला आणि 2025 मध्ये रद्द झाला. पश्चिम घाटाच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदा 2014 पासून पुन्हा-पुन्हा निघतो आहे. सहावा जुलै 2024 मध्ये निघाला. आराखडे आणि मसुदे रखडतात, पण पोकलेन थांबत नाही.

जगाने काय केले

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने 2011 मध्ये पंचवीस वर्षांचा हरित पायाभूत सुविधांचा कार्यक्रम हाती घेतला. तिथे साधारण 1,400 चौरस मीटरहून मोठ्या जागेवर काम करायचे असेल, तर पक्क्या पृष्ठभागावर पडणाऱ्या पावसाचे पहिले दीड इंच पाणी जागेवरच जिरवण्याची किंवा रोखून सावकाश सोडण्याची जबाबदारी विकासकाची असते. जर्मनीतील अनेक शहरांत पावसाच्या पाण्याचे शुल्क पक्क्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळानुसार आकारले जाते. फरशी कमी केली, छपरावर हिरवळ लावली, तर शुल्क घटते. हे दोन्ही नियम पाण्याचे प्रमाण मोजतात, आणि त्यातच त्यांची ताकद आहे.

या उपायांच्या मर्यादाही जाणून घ्यायला हव्यात. चीनमधील झेंगझोऊ शहर 'स्पंज सिटी' कार्यक्रमात होते. 20 जुलै 2021 रोजी तिथे एका तासात 201.9 मिलिमीटर पाऊस झाला आणि शहर बुडाले. हिरव्या चरांनी, पर्जन्यबागांनी आणि झिरपणाऱ्या फरशीने नेहमीचा आणि जोराचा पाऊस सांभाळता येतो. ढगफुटीसारख्या पावसासाठी मात्र पाण्याची मोठी, मोकळी वाट राखून ठेवावीच लागते. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजच्या डोंगरावर कोसळलेल्या पावसाने उत्तरेला आंबिल ओढ्याला पूर आणला आणि दक्षिणेला खेड शिवापूरच्या दर्ग्याजवळ झोपलेली माणसे वाहून नेली. अशा रात्री शोषखड्डे पुरे पडत नाहीत. तेव्हा ओढा मोकळा आणि रुंदच असावा लागतो.

खोरे हाच नकाशा

शिवकाळात या प्रदेशाची वाटणी पाण्यावरून झालेली दिसते: हिरडस मावळ, रोहिड खोरे, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे, मोसे खोरे. बांदल, जेधे, सिलिमकर, पासलकर ही देशमुख घराणी अशा खोऱ्यांचा कारभार पाहत. डोंगराच्या धारेपासून नदीपर्यंतचा मुलूख एका कारभाराखाली होता. आज परवानगी गट नंबरावर मिळते. वरच्या गटाने ओढा वळवला, तर खालच्या गटाच्या फाइलमध्ये त्याची नोंदही होत नाही. प्रत्येक परवानगी एकेकटी पाहिली तर नियमात बसते, आणि सगळ्यांचे पाणी मात्र एकाच ओढ्यात येते.

म्हणून सुधारणा खोऱ्यापासून सुरू करावी लागेल. शिवगंगा, गुंजवणी, कानंदी, वेळवंडी अशा प्रत्येक उपखोऱ्याचा पाण्याचा आराखडा आधी व्हावा आणि बिगरशेती परवानगी त्याला बांधलेली असावी. 'बांधकामानंतर भूखंडाबाहेर जाणारा प्रवाह पूर्वीपेक्षा वाढता कामा नये' अशी एका वाक्याची अट परवानगीत घालावी आणि तिचा हिशेब अभियंत्याकडून घ्यावा. ओढ्यांच्या दोन्ही बाजूंना पट्टा मोकळा ठेवून तिथे करंज, उंबर, जांभूळ अशी काठावरची झाडे लावावीत. महामार्ग आणि वर्तुळाकार रस्त्याच्या मोऱ्या आजच्या नव्हे, तर खोरे पूर्ण विकसित झाल्यावरच्या प्रवाहासाठी बांधाव्यात. भातखाचरे राखणाऱ्या शेतकऱ्याला पाणी अडवल्याबद्दल मोबदला मिळावा. खालच्या शहरांना ते धरणांतला गाळ काढण्यापेक्षा स्वस्त पडेल.

एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. पाणी सगळीकडे मुरवणे शहाणपणाचे नाही. जिथे तीव्र उतारावर मातीचा आणि कुजलेल्या खडकाचा जाड थर आहे, तिथे चर आणि शेततळी डोंगर कमकुवत करू शकतात. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. भोर-वेल्ह्याच्या घाटमाथ्यावरही दरडींचा धोका आहे. अशा जागी पाणी मुरवायचे नसते, सुरक्षित वाटेने लवकर खाली उतरवायचे असते. कुठे मुरवायचे आणि कुठे उतरवायचे, हे भूवैज्ञानिकाने जागेवर जाऊन ठरवायला हवे.

यातल्या पहिल्या पावलासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. भूमी अभिलेख खात्याच्या गाव नकाशावर ओढे दाखवलेले आहेत. प्रत्येक ग्रामसभेने पावसाळ्यापूर्वी तो नकाशा हातात घेऊन शिवारफेरी करावी, बुजलेला, वळवलेला, पाइपात घातलेला प्रत्येक ओढा नोंदवावा आणि ठराव करून तहसीलदारांकडे पाठवावा. आणि या तालुक्यांत जमीन घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने सातबाऱ्याबरोबर हा नकाशाही मागावा. ज्या प्लॉटखाली ओढा बुजवलेला आहे, तो प्लॉट घेऊ नका.