गनिमी कावा (लेखांक ९) : सरहद्दीवरचे कॅम्प

मागच्या लेखांकात आपण सह्याद्रीत होतो. घाटवाटा आणि दऱ्या असल्या की गनिमाचं निम्मं काम डोंगरच करतो. धाराशिव जिल्ह्यात मात्र बालाघाटाची रांग सोडली तर उघडं माळरान आणि ज्वारीची शिवारं. इथे लपायचं कुठे? १९४७-४८ साली त्याचं उत्तर होतं सरहद्द.

धाराशिव, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, हैदराबादच्या निजामाचा, तर शेजारचं सोलापूर आणि बार्शी भारतात. निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी आपले कॅम्प या अलीकडच्या बाजूला उभारले. रात्री हद्द ओलांडायची, करोडगिरी नाका (जकातनाका) नाहीतर पोलीस ठाणं गाठायचं, बंदुका मिळतील तेवढ्या उचलायच्या, दप्तर पेटवायचं आणि उजाडायच्या आत परत यायचं. पाठलागावर आलेल्या निजामी पोलिसांपुढे पेच पडे, कारण हद्द ओलांडली की भांडण थेट भारत सरकारशी.

नाकाच का? तिथे शिपाई मोजके, कुमक लांब. शिवाय निजामाची जकात वेगळी, नाणंही वेगळं, त्यामुळे नाका म्हणजे गावकऱ्याला रोज दिसणारं राज्य. ते एका रात्रीत जळालं की दरारा संपतो. तो पुन्हा बसवायचा तर प्रत्येक नाक्यावर जादा माणसं हवीत, आणि तेवढी माणसं कुठल्याच सरकारजवळ नसतात. कॅम्पवाले निघून गेल्यावर निजामाच्या बाजूच्या रझाकार या सशस्त्र संघटनेचा सूड मात्र गावावर उगवे. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरला वकिली केलेला, आणि लातूर तेव्हा याच जिल्ह्यात.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून शिरली. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल तिने शाबूत ताब्यात घेतला आणि दुपारपर्यंत रणगाडे उमरग्यात पोचले. तुळजापुरात दोन तास झुंज झाली. लोहाऱ्याकडे जाणाऱ्या तुकडीला शत्रूने नव्हे, फुगलेल्या नदीने अडवलं. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली.

मग कॅम्पांनी काय साधलं? माझ्या मते, त्यांनी फौज हरवली नाही, पण सरहद्दीलगत राज्यकारभार चालवणं निजामाला अवघड करून टाकलं. जमीन जिंकून राखणं हे त्यांचं काम नव्हतंच. ते पाच दिवसांत नियमित सैन्याने केलं. कॅम्पांची मोठी ताकद पाठीशी असलेल्या मुलखात होती. तो मुलूख परका असता तर माळरानावर ते किती टिकले असते, याबद्दल मला शंकाच आहे.

विजयानंतरचं पानही वाचायला हवं. भारत सरकारने चौकशीसाठी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मुसलमानांवरील हिंसाचाराची सर्वाधिक झळ बसलेले जे चार जिल्हे नोंदवले, त्यात उस्मानाबाद होता.

याच निजामी मुलखात तेलंगणच्या कम्युनिस्ट दलांनी मात्र शस्त्रं ठेवली नाहीत. ही दलं भारतीय फौजेविरुद्ध १९५१ पर्यंत लढली. त्यांच्याबद्दल पुढच्या आठवड्यात.