चंद्राला पंचांग लागत नाही

२०२५च्या अखेरीस एक बातमी जगभर फिरली: आपले विश्व कुणाच्या तरी संगणकावर चाललेला आभास नाही, हे म्हणे गणिताने सिद्ध झाले. मीर फैझल, लॉरेन्स क्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या शोधनिबंधावरून ती आली होती. त्यांचा मुख्य आधार गोडेलचा १९३१चा सिद्धान्त. पुरेशा समृद्ध नियमचौकटीत काही सत्ये अशी उरतातच, जी त्या चौकटीतून सिद्ध होत नाहीत. तेव्हा भौतिकशास्त्राची अंतिम चौकटही अपुरी पडणार आणि म्हणून संगणकाला विश्व चालवता येणार नाही. निष्कर्ष कुणालाही आवडावा असा आहे, युक्तिवाद मात्र लंगडा आहे. जॉन कॉन्वेचा १९७०चा ‘गेम ऑफ लाइफ’ पाहा. चौकटींच्या कागदावर काही घरे जिवंत, काही मेलेली. प्रत्येक घराचे जिवंत शेजारी मोजायचे आणि त्यावरून पुढची पिढी ठरवायची. नियम शाळकरी मुलालाही कळतात आणि जुनाट संगणकसुद्धा हा खेळ चालवतो. तरीही दिलेली कोणतीही रचना शेवटी नामशेष होईल की नाही, हे दर वेळी अचूक सांगणारी एकच रीत असू शकत नाही, हे सिद्ध झालेले आहे. एखाद्या विश्वाबद्दल न सुटणारे प्रश्न असतात, म्हणून ते विश्व पायरीपायरीने चालवता येत नाही, असे होत नाही.

पण म्हणून विश्व संगणकासारखेच चालत असले पाहिजे, हे तरी कुठे सिद्ध होते? हा दुसरा दावा बराच जुना आहे. १९४१ साली बर्लिनमध्ये झेड-३ हे गणकयंत्र उभारणाऱ्या कोनराड झूसने १९६९च्या पुस्तकात अवकाशच हिशेब करत असल्याची कल्पना मांडली. पुढे एडवर्ड फ्रेडकिन आणि स्टीफन वुल्फ्रम यांनी ती उचलून धरली. इथे एक घोटाळा सहज होतो. पंचांगात ग्रहणाचा स्पर्श, मध्य आणि मोक्ष मिनिटापर्यंत छापलेला असतो, तोही वर्ष उजाडण्याआधी. हिशेब पंचांगकर्त्याचा, चंद्राने आपल्या स्थानाचे ना भोग काढले ना शर, तो नुसता पृथ्वीच्या सावलीत शिरला. पंचांग अचूक निघाले यावरून पंचांगाची रीत चांगली आहे एवढे ठरते, चंद्र गणिती ठरत नाही. यावर विरोधक म्हणतील, चंद्राची आजची स्थिती हा प्रश्न आणि उद्याची स्थिती हे उत्तर, मग मधल्या घडामोडीला गणन म्हणायला काय हरकत? काहीच नाही. पण त्या हिशेबाने दगडाचे झिजणेही गणन ठरते आणि दाव्यात खोटे ठरू शकेल असे काही उरत नाही. दाव्याला धार हवी असेल, तर ट्युरिंगने १९३६ साली कल्पिलेल्या गणनयंत्राकडे जावे लागते. निसर्गनियमांतून निघणारे प्रत्येक उत्तर त्या यंत्राला हव्या तितक्या अचूकतेने काढता येते का? क्वांटम संगणकानेही ही कसोटी बदलत नाही; काही कामांत तो प्रचंड वेळ वाचवतो, पण ट्युरिंगच्या यंत्राला मुळातच अशक्य असलेले गणित त्यालाही जमत नाही.

याच कसोटीवर मिनेसोटा विद्यापीठातील मेरियन पूर-एल आणि इयन रिचर्ड्स यांनी १९८१ साली एक सुरुंग लावला. वुल्फ्रमच्या नावाचा गाजावाजा होतो, पूर-एलचे नाव मात्र तर्कशास्त्राच्या वर्तुळाबाहेर क्वचितच ऐकू येते, हा अन्यायच आहे. दोघांनी घेतले काय, तर पाठ्यपुस्तकातले साधे तरंग-समीकरण, त्रिमितीतले. त्यांनी दाखवले की सुरुवातीचा तरंग संगणकाला पूर्ण मोजता येईल असा निवडूनही काही काळानंतरचा तरंग कोणत्याही संगणकाला मोजता येणार नाही, असे घडू शकते. समीकरण निश्चित आहे, उत्तर एकमेव आहे, दैवाला किंवा क्वांटम अनिश्चिततेला कुठेही जागा नाही. आणि तरीही उत्तर गणनाच्या पलीकडे! यावरचा आक्षेप वजनदार आहे. त्यांचा प्रारंभीचा तरंग फारसा गुळगुळीत नाही, आणि असा तरंग निसर्गात उठेल याची शाश्वती नाही. शिवाय २००२ साली क्लाउस वायह्राउख आणि निंग झोंग यांनी दाखवले, की तरंगांतले अंतर ऊर्जेशी जुळणाऱ्या मापाने मोजले तर तेच उत्तर गणनीय ठरते. आक्षेप मान्य करूनही माझा मुद्दा पक्काच होतो. गणनीयता समीकरणात अंगभूत नाही. निसर्ग कोणत्या प्रकारचे तरंग उठवतो आणि आपण ते कोणत्या मापाने मोजतो, यावर ती अवलंबून आहे. तिथे तर्क सक्ती करू शकत नाही, शोधच घ्यावा लागतो.

असा शोध घेता येतो, हे विशेष. हिशेब करणारे अवकाश खरोखर कॉन्वेच्या खेळासारखे बारीक चौकटींचे असेल, तर त्याच्या काही नमुन्यांनुसार जास्त ऊर्जेचा प्रकाश किंचित वेगळ्या वेगाने धावायला हवा. १० मे २००९ रोजी फर्मी दुर्बिणीने सुमारे ७०० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका गॅमा-स्फोटातून आलेला ३१ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रकाशकण टिपला. एवढ्या प्रवासानंतरही तो स्फोटाची पहिली चाहूल लागल्यापासून सेकंदाच्या आत पोहोचला. त्यामुळे चौकटींचे सर्वांत सोपे नमुने बाद झाले, सगळे नव्हेत. तेव्हा विश्व संगणक असल्याचे किंवा नसल्याचे ‘सिद्ध’ करणारा पुढचा मथळा दिसला, तर आधी पाहा: लेखकांनी काही मोजले आहे, की फक्त गृहीत धरले आहे?