खिशातल्या पिस्तुलाची खरी किंमत

एखाद्या घरात पणजोबांच्या नावावरचे, तळहातात मावणारे परदेशी पिस्तूल असले, की त्याच्या किमतीचे लाखांतले आकडे गावभर फिरतात. परभणी जिल्ह्यात १९४८ पर्यंत निजामाचा अंमल होता, त्यामुळे त्या आकड्यांना घराण्याच्या इभ्रतीचीही फोडणी बसते. हे आकडे टंचाईतून आलेले असतात. संग्राहकाच्या किमतीशी त्यांचा संबंध थोडा. कोल्ट कंपनीचे ‘व्हेस्ट पॉकेट’ घ्या. १९०८ साली बाजारात आलेले हे ०.२५ बोअरचे पिस्तूल १९४८ मध्ये बंद झाले, तोवर त्याचे सुमारे चार लाख नग विकले गेले होते. अशा वस्तूला जगाच्या बाजारात कुणी दुर्मीळ म्हणणार नाही. आपल्याकडे मात्र १९८०च्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींसाठी शस्त्रांची आयात जवळजवळ थांबली आणि आधी आलेला मालच एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. वेब्ली अँड स्कॉटचे ०.३२ बोअरचे जुने शस्त्र लाखांत जाते ते त्यामुळे. हा भाव वापरणाऱ्याचा, म्हणून तो आधी बोअर विचारतो: ०.३२ची काडतुसे आपले सरकारी कारखाने बनवतात, ०.२५ची मिळवताना दमछाक होते. ज्याला गोळी झाडायचीच नाही, त्याला या फरकाचे काय? शिवाय २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या हरदोईत वेब्लीच्याच नावाने नवी रिव्हॉल्व्हर बनवण्याचे काम सुरू झाले. टंचाईवर उभा राहिलेला भाव असा कुठूनही हलू शकतो.

संग्राहक पाहतो ते वेगळेच. कंपनीचे कोरलेले नाव अजून धारदार आहे की कडा बोथटल्यात? मुठीवरच्या पट्ट्या मूळच्या आहेत का? स्क्रूच्या खाचा पेचकसाने कुरतडल्या गेल्यात का? सुट्या भागांवर क्रमांक असतील तर ते एकमेकांशी जुळतात का? झिजलेला मूळ रंग त्याला चालतो, नवा निकेलचा मुलामा चालत नाही. इथे आपली हौस आड येते. खंडेनवमीच्या आधी शस्त्र घासूनपुसून लखलखीत करायचे आणि मग त्यावर ओल्या बोटाने हळदकुंकू लावायचे; घासण्याने अक्षरे जातात, ओलाव्याने गंज धरतो. श्रद्धेला नावे ठेवण्याचे कारण नाही, पूजा कोरड्या हातानेही होते.

यावर कुणी म्हणेल, इतिहासाला काही मोल नाही का? आहे, आणि भरपूर आहे. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या हाती वीस ब्राउनिंग पिस्तुले पाठवली आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी नाशिकला कलेक्टर जॅक्सनवर झाडलेले पिस्तूल त्यांपैकीच होते, हे खटल्यात मांडले गेले. म्हणून ती गोष्ट पुराव्याची ठरली. त्याच कारखान्यातून निघालेल्या दुसऱ्या पिस्तुलाला नुसत्या साम्यावरून ते मोल येत नाही. ‘निजामाने बक्षीस दिले’ ही घरातली आठवण जपावी, पण तिच्यासाठी जास्तीचे पैसे कुणी का मोजावेत?

दुसरा आक्षेप कायद्याच्या अंगाने येतो. १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरते, मग परवाना कशाला? कारण १९५९चा शस्त्र कायदा निव्वळ वयावर सूट देत नाही. जुन्या घाटाचे वा पुराणवस्तू म्हणून मोलाचे शस्त्र दुरुस्त करूनही चालणार नसेल, तरच ते सुटते. १९०८चे कोल्ट चालते, निदान दुरुस्तीने चालू होते. त्यात २०१९च्या दुरुस्तीने शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, आणि वारशाने आलेले शस्त्रही त्या दोनांतच धरले जाते. मालक वारला की वारसाला ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. परवाना मिळेपर्यंत ते घरी ठेवता येत नाही, विकायचे तरी परवानाधारकालाच. म्हणजे उत्तम स्थितीतले पिस्तूलही कागदाविना विकण्याजोगे नाही, उलट गुन्ह्याची वस्तू आहे. आणि हा कागदच आपण सर्वांत आधी टाकतो. निजामी राजवटीचा कारभार उर्दूत होता; ती लिपी घरात कुणाला वाचता येत नाही म्हणून जुने परवाने आणि पावत्या रद्दीत जातात. त्यातल्या एखाद्या कागदावर पणजोबांच्या नावाशेजारी पिस्तुलाचा क्रमांक असेल, तर घरातली आठवण आणि हातातले लोखंड जोडणारा तेवढाच पुरावा असतो, आणि संग्राहक जास्तीचे पैसे मोजायला तयार होतो तो त्यावर.