भांग, अंबाडी आणि ताग : पेरणीपूर्वी पारख

येवला तालुक्याच्या कोरडवाहू पट्ट्यात पाऊस पाठ फिरवतो, तेव्हा कमी पाण्यात येणाऱ्या नव्या पिकाचे नाव शेतकऱ्याच्या कानास गोड लागते. ‘औद्योगिक हेंप’ हे असेच एक नाव होय. परंतु हेंप म्हणजे भांगेचेच झाड, ही गोष्ट बी विकत घेण्यापूर्वी ध्यानात घ्यावी.

उत्तराखंडात 2018 पासून धागा व बियाणे यांसाठी परवान्याने हे पीक घेता येते. तेथील डोंगरी गावांत भांगेच्या बियांची चटणी करण्याची जुनी चाल आहे. दिवस लहान होऊ लागले की झाड फुलावर येते आणि थंडीच्या तोंडावर बी तयार होते. येवल्याचा सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा; थंड मुलखातील उन्हाळी दिवस याहून बरेच मोठे. त्यामुळे तिकडचे वाण येथे लवकर फुलून खुजे राहण्याचा संभव असतो आणि धागा कमी मिळतो.

दुसरी अडचण संकराची. भांगेत नर व मादी झाडे बहुधा वेगळी असतात आणि पराग वाऱ्याने दूरवर जातो. रानटी झाडांशी संकर झाल्यास त्या बियांपासून होणाऱ्या पुढील पिकात मादक द्रव्य किती उतरेल, याचा भरवसा राहत नाही. उत्तराखंडातील परवान्यात ही मर्यादा 0.3 टक्के आहे.

यापेक्षाही मोठा प्रश्न कायद्याचा. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यान्वये विनापरवाना भांगेच्या लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. धागा किंवा बियांसाठी लागवड करावयाची, तरी शासनाची परवानगी लागते. बियाणे विकणाऱ्याचा शब्द म्हणजे परवाना नव्हे. आपल्या जमिनीत कोणी चोरून असे झाड लावल्याचे कळताच जमीनधारकाने पोलिसांस खबर द्यावी, असे कायदा सांगतो. सरपंच, पंच व गावकामगार यांच्यावरही तीच जबाबदारी आहे. खंडाने किंवा वाट्याने जमीन देणाऱ्याने उभ्या मक्यातून व तुरीतून अधूनमधून फेरी मारावी, ती एवढ्याचकरिता.

मात्र नावाच्या घोटाळ्याने निरपराध पिकावर संशय येऊ नये. इंग्रजीत अंबाडीस ‘डेक्कन हेंप’ व तागास ‘सन हेंप’ म्हणतात. या दोहोंचा भांगेशी काही संबंध नाही. अंबाडीचे पान दुरून भांगेसारखे दिसते खरे. पण त्याचे फाटे देठाजवळ एकमेकांस जोडलेले असतात. भांगेची पर्णिका सुटी व काठाने करवती असते. अंबाडीस मोठे फिकट पिवळे फूल येते व त्याचा गाभा गडद तांबडा असतो. भांगेस असे पाकळ्यांचे फूल कधीच येत नाही. तागाचे पान साधे, लांबट आणि फूल पिवळेधमक असते.

दोरखंडासाठी धागा हवा असेल त्याने बाजरीच्या किंवा तुरीच्या कडेने अंबाडीची ओळ धरावी. पीक फुलावर येताच कापून पेंढ्या पाण्यात बुडवाव्यात. थंडी वाढली की कुजण्यास अधिक दिवस लागतात. म्हणून कापणी लांबवू नये. गुरांच्या पिण्याच्या पाण्यात पेंढ्या टाकू नयेत.

जमिनीचा कस वाढवावयाचा असेल, तर उन्हाळ कांद्यासाठी राखलेल्या रानात पावसाच्या आरंभी ताग पेरावा आणि फुलोऱ्याच्या सुमारास, साधारण दीड महिन्याने, गाडावा. ताग जून झाला की दांडे चिवट होतात व लवकर कुजत नाहीत.

दाव्याला अंबाडी आणि जमिनीला ताग, ही जुनी पिके आपल्या मातीत येतात व त्यांस परवाना लागत नाही. अनोळखी बियाण्याची पिशवी मात्र, कायदा व जात यांची खात्री झाल्याखेरीज, कोणीही उघडू नये.