दप्तरातलं सनस्क्रीन आणि नर्सच्या खोलीतलं कपाट

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सनस्क्रीनच्या बाटलीची मागची बाजू एकदा वाचून पाहावी. पुढे समुद्र, नारळाचं झाड, हसरं पोर. मागे मात्र तापाच्या गोळ्यांच्या खोक्यावर असते तशी चौकट: सक्रिय घटक किती टक्के, सहा महिन्यांखालच्या बाळासाठी डॉक्टरांना विचारा, मुलांच्या हाती लागू देऊ नका, पोटात गेल्यास ताबडतोब वैद्यकीय मदत घ्या. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाच्या, म्हणजे एफडीएच्या लेखी हे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणारं औषध आहे. युरोपात आणि आपल्याकडे ते सौंदर्यप्रसाधनांत मोडतं.

आता यावर शाळेचा नियम बसवून पाहा. औषध मुलाच्या दप्तरात चालणार नाही. डॉक्टरांची चिठ्ठी आणा, पालकांची सही आणा आणि बाटली नर्सच्या खोलीतल्या कपाटात ठेवा. नियम मुळात शहाणपणाचा आहे. खोकल्याचं औषध वर्गात हातोहात फिरावं असं कुणालाच वाटत नाही. पण त्याच कपाटात सनस्क्रीनही जाऊन बसलं. 2012 च्या जूनमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या टाकोमा शहरात शाळेच्या मैदानी कार्यक्रमात दोन लहान बहिणी उन्हात चांगल्याच भाजल्या. चिठ्ठी नव्हती, म्हणून सनस्क्रीन लावता आलं नाही. बातमी देशभर गाजली.

‘सकाळी घरूनच लावून पाठवा की!’ हा सल्ला सोपा आहे, पण त्याच बाटलीवर छापलंय की निदान दर दोन तासांनी पुन्हा लावा, घाम आला तर त्याहून लवकर. सात वाजता लावलेला थर दुपारच्या सुट्टीपर्यंत काय पुरणार? सकाळी दहा ते दुपारी दोनचं ऊन टाळा, असंही तिथेच लिहिलेलं असतं, आणि शाळेचं वेळापत्रक मुलांना नेमकं त्याच वेळात मैदानावर सोडतं.

कॅलिफोर्नियाने 2002 मध्येच यातून वाट काढली. विद्यार्थ्याला चिठ्ठीशिवाय सनस्क्रीन वापरू द्यावं आणि या कलमापुरतं त्याला औषध समजू नये, असं कायद्यातच लिहून टाकलं. टेक्ससने 2015 मध्ये परवानगी दिली ती अशी की, सनस्क्रीन एफडीएने चिठ्ठीशिवाय विकायला मान्य केलेलं हवं. ज्या शिक्क्यामुळे ते कपाटात गेलं होतं, तोच इथे दप्तरात शिरायचा परवाना ठरला! 2017 मध्ये फ्लोरिडा, ॲरिझोना, यूटा, वॉशिंग्टन अशी राज्यं एकामागोमाग एक याच वाटेने गेली.

तरी गाडी एका ठिकाणी अडतेच. सहा वर्षांच्या पोराने आपल्याच मानेच्या मागे, कानांच्या पाळ्यांना क्रीम नीट कसं लावायचं? शिक्षकांनी मदत केलीच पाहिजे असं बंधन कॅलिफोर्नियाच्या कायद्यात नाही. मुलाच्या अंगाला हात लावायचा तर तक्रारीची धास्ती, एखाद्याला पुरळ उठलं तर त्याची जबाबदारी वेगळीच. माझ्या मते खरी अडचण ही आहे. औषधाचा शिक्का हे निमित्त.

तसं म्हणायला कारण ऑस्ट्रेलियाचं. तिथेही शरीराला लावायचं सनस्क्रीन बहुतांशी औषधी उत्पादनांच्याच नियमांखाली येतं. पण त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांपैकी तो एक, त्यामुळे शाळांनी ते कपाटात ठेवलं नाही. व्हिक्टोरिया राज्यातून सुरू झालेल्या ‘सनस्मार्ट’ उपक्रमातल्या शाळा अतिनील निर्देशांक 3 किंवा जास्त असला की सनस्क्रीन लावायची आठवण करतात, मैदानात सावली उभारतात. टोपी नसेल तर खेळ नाही, हा तर तिथल्या पोरांना तोंडपाठ असलेला नियम.

अमेरिकेतल्या मराठी पालकांना हा सगळा प्रकार चमत्कारिक वाटतो. आपल्या सावळ्या कातडीतलं मेलॅनिन थोडंफार संरक्षण देतं, त्यामुळे पोरं गोऱ्या मुलांसारखी चटकन लालबुंद होत नाहीत. मात्र ते कवच पुरं नाही. शिवाय इकडे मार्च-एप्रिलात शाळा सकाळची होते ती उष्म्यापायी, आणि उष्माघातापुढे सनस्क्रीनचा काही उपयोग नाही. हे दोन धोके वेगळे धरावे लागतात. आपल्या घरी उन्हाची भीती म्हणजे बहुधा दुसऱ्याच धोक्याची.

राहता राहिली टोपी. ती दर दोन तासांनी लावावी लागत नाही, तिच्यावर इशाऱ्यांची चौकट नसते आणि रुंद काठाची असेल तर मान-कान ती शिक्षकांच्या मदतीशिवाय झाकते. तरी कॅलिफोर्नियात तिच्यासाठीही वेगळा कायदा करावा लागला, सनस्क्रीनच्या एक वर्ष आधी. गुंडटोळ्यांच्या खुणा टोप्यांवर मिरवल्या जातात म्हणून अनेक शाळांनी टोपीच बंद करून टाकली होती. आता मैदानात टोपी घालता येते; कुठली चालेल, हे मात्र शाळाच ठरवते.