तार घट्ट, हात मोकळा

सकाळी ८. सोलापुरात सिव्हिलच्या ऑर्थो वॉर्डात राउंड. यंत्रमागावरचे एक अण्णा कारखान्याच्या पायरीवरून कोपरावर पडलेत. एक्स-रेत अल्ना या हाडाचं कोपराकडचं वरचं टोक तुटून वर सरकलेलं. दंडामागचा ट्रायसेप्स त्याच तुकड्याला चिकटलेला असतो, तो त्याला ओढत राहतो. म्हणून इथे नुसतं प्लास्टर सहसा पुरत नाही. ‘अण्णा, हात सरळ करा बघू.’ जमत नाही. ‘माग कधी चालवायचा ओ डॉक्टर?’ ‘आधी कोपर चालवू, मग माग.’

९.३०. ओटी. मागून चीर, आतल्या बाजूची अल्नर नस सांभाळून. तुकडे जुळवून क्लॅम्प लावला, दोन के-वायर, म्हणजे बारीक सरळ सळ्या, समांतर घातल्या. त्यांची टोकं अल्नाच्या पुढच्या कडक थरात रुतायला हवीत. हाडाच्या पोकळीतच राहिल्या तर मागे सरकून कातडीला टोचतात, फार पुढे गेल्या तर तळहात उलटासुलटा करताना अडतात. सी-आर्मच्या एक्स-रेवर दोन्हीकडून पाहिलं. फ्रॅक्चरच्या खाली आडवं भोक, त्यातून १८ गेजची तार इंग्रजी आठच्या आकारात, वर ट्रायसेप्सच्या तंतूंखालून.

आता पीळ. रेसिडेंटला इथे मी घाई करू देत नाही. आधी तार ओढायची, मग फिरवायची, आणि दोन्ही पदर एकमेकांभोवती फिरले पाहिजेत. एक सरळ राहून दुसरा त्याच्यावर गुंडाळला गेला, तर तो पीळ ताण धरत नाही. दोन्ही बाजू सारख्या आवळल्या. फट मिटली. टेबलावरच कोपर पूर्ण वाकवून पाहिलं, फट उघडली नाही.

१२. चहाबरोबर शिकवणी. जर्मन सर्जन पॉवेल्स यांनी टेन्शन बँडचं तत्त्व हाडांवर आणलं, वेबर आणि व्हेसी यांनी १९६३ मध्ये ते कोपरासाठी मांडलं: मागच्या बाजूची तार स्नायूची ओढ पेलते आणि कोपर हलताना सांध्याकडच्या बाजूला दाब तयार होतो. परीक्षेत हेच लिहा. पण पुढच्या काही प्रयोगांत सांध्यापाशी तसा दाब भरवशाने आढळला नाही, हेही ठाऊक असू द्या. टेबलावर दिलेला ताण म्हणूनच मला जास्त मोलाचा वाटतो. हाडाचा चुरा झाला असेल तर तार नकोच. ती सांध्याची खोबण आवळून अरुंद करते, तिथे प्लेट लावायची. साध्या आडव्या फ्रॅक्चरला मात्र ही स्वस्त तार आजही माझी पहिली पसंती आहे.

२. ओपीडी. विड्या वळणाऱ्या मावशी. हाड जुळलंय, पण तार तुटेल या धास्तीने त्यांनी हात गळ्यातून काढलाच नाही. कोपर काटकोनात आखडलंय. घास तोंडापर्यंत पोचत नाही, वेणी घालायला सून लागते. मला याचं फार वाईट वाटतं. तार घालतो ती हात लवकर मोकळा व्हावा म्हणून. ते टाके घालण्याइतक्याच निगुतीने समजावून सांगायला हवं. फिजिओथेरपिस्टकडे मी स्वतः घेऊन गेलो.

५. पुन्हा वॉर्ड. अण्णांची भूल उतरलीय, बोटं हलतात. उद्या ड्रेसिंगनंतर कोपर हळूहळू वाकवायला सुरुवात, जड उचलणं आणि हातावर भार देऊन उठणं बंद. बायकोला जवळ बोलावून हेच पुन्हा सांगितलं, कारण घरी झोळी बांधायचा आग्रह तीच धरणार.