तह झाले, जमीन दिली नाही

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, हॅलिफॅक्सला शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी माणसाच्या कानावर एक वाक्य वारंवार पडतं. विद्यापीठाचा समारंभ असो की सरकारी बैठक, सुरुवातीलाच सांगितलं जातं की आपण इथल्या मूळनिवासी मिगमॉ लोकांच्या, त्यांनी कधीही न सोडलेल्या भूमीवर आहोत. नव्याने आलेल्याला हा निव्वळ शिष्टाचार वाटतो. त्या वाक्यामागे तीनशे वर्षांचे करार आहेत आणि त्यांच्याविषयी खुद्द कॅनडातही गैरसमज फार आहेत.

पहिला गैरसमज 'तह' या शब्दातच दडलेला आहे. तह म्हटलं की आपल्याला पुरंदर आठवतो, मोगलांना द्यावे लागलेले 23 किल्ले आठवतात. त्यामुळे मिगमॉंनी इंग्रजांशी तह केले म्हणजे जमीन गेलीच असणार, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात 1725 ते 1779 या काळात झालेले हे तह 'शांतता आणि मैत्रीचे तह' म्हणून ओळखले जातात. त्यांत जमीन देऊन टाकण्याचं कलम नाही. इंग्रजांना फ्रेंचांशी झुंजायचं होतं आणि मिगमॉंशी वैर परवडणारं नव्हतं. म्हणून त्यांनी शांतता मागितली, व्यापाराची हमी दिली. कॅनडाच्या पश्चिमेकडे 1871 पासून जे क्रमांकित तह झाले, त्यांत जमीन सोडल्याची भाषा आहे. लोक हे दोन्ही प्रकार एकाच मापाने मोजतात आणि तिथेच घोळ होतो.

दुसरा समज असा की ही जुनी कागदपत्रं कधीच निकालात निघाली, आता जे मिळतं ती सरकारची मेहेरबानी. एकेकाळी न्यायालयही असंच बोलत होतं. मिगमॉंचे ग्रँड चीफ गॅब्रिएल सिलिबॉय यांच्यावर 1920च्या दशकात मस्करॅटची कातडी बाळगल्याचा खटला झाला. त्यांनी 1752च्या तहाचा आधार घेतला. न्यायाधीशांनी त्यांच्या लोकांना 'असंस्कृत' ठरवून, असा तह करण्याची त्यांची पात्रताच नाकारली. 1985 साली सायमन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो विचार फेटाळला आणि 1752चा तह आजही लागू असल्याचं सांगितलं. त्याआधीच, 1982च्या राज्यघटनेच्या कलम 35 ने असे हक्क मान्य केले होते. सिलिबॉय यांना नोव्हा स्कोशियाने, म्हणजे हॅलिफॅक्स ज्या प्रांतात आहे त्याने, 2017 साली माफी दिली. त्यांच्या मृत्यूला तेव्हा पन्नासहून अधिक वर्षं झाली होती.

मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो वाम माशांचा खटला. ऑगस्ट 1993 मध्ये डोनाल्ड मार्शल ज्युनियर यांनी पॉम्केट हार्बरमध्ये 463 पौंड वाम पकडले आणि 787 डॉलर 10 सेंटला विकले. परवाना नव्हता, हंगामही बंद होता. हे तेच मार्शल, ज्यांनी न केलेल्या खुनासाठी अकरा वर्षं तुरुंगात काढली होती. त्या अन्यायात वर्णद्वेषाचा वाटा होता, असं चौकशी आयोगाने 1989 मध्ये नमूद केलं. आता माशांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1760-61 च्या तहांतल्या एका अटीवर येऊन ठेपला: मिगमॉंनी आपला माल फक्त सरकारी वखारीत विकावा. वरवर पाहिलं तर हे बंधन. पण वखारीत विकायचं म्हणजे आधी विकण्याजोगं काहीतरी हाती हवं. शिकार आणि मासेमारी करून ते मिळवण्याचा हक्क गृहीत धरल्याशिवाय ती अट निरर्थक ठरते. 17 सप्टेंबर 1999 रोजी न्यायालयाने हा हक्क मान्य केला. तो 'माफक उपजीविके'पुरता, म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा आणि थोड्याफार सोयी भागतील एवढा. संपत्ती साठवण्यासाठी नव्हे.

म्हणूनच 'आता ते समुद्र रिकामा करतील' ही ओरड खोटी आहे. दोनच महिन्यांनी न्यायालयाने खुलासा केला की माशांच्या संवर्धनासाठी सरकार नियम घालू शकतं, मात्र ते का आवश्यक आहेत हे सरकारनेच सिद्ध करायचं. सप्टेंबर 2020 मध्ये सिपेकनेकातिक समुदायाने सॉलनियरव्हिलच्या धक्क्यावरून शेवंडीची स्वतःची मासेमारी सुरू केली, तेव्हा सुरुवातीचे परवाने मोजकेच होते आणि प्रत्येकाला 50 पिंजरे. त्याच पाण्यात व्यावसायिक परवाने नऊशेहून अधिक आणि एकेका परवान्याला साडेतीनशेहून जास्त पिंजरे. बिगरमिगमॉ कोळ्यांचा आक्षेप बंद हंगामातल्या मासेमारीला होता. त्यावर चर्चा व्हायलाच हवी. पण त्या ऑक्टोबरमध्ये मिगमॉंची शेवंड साठवलेली इमारत जाळली गेली. याला चर्चा म्हणत नाहीत.

न्यायालय नेहमी मिगमॉंच्याच बाजूने असतं, हाही भ्रम. 2005 मध्ये व्यापारी लाकूडतोडीचा दावा फेटाळला गेला. आणि मिगमॉंना मिळणाऱ्या करमाफीचाही तहांशी संबंध नाही. ती 'इंडियन अॅक्ट'मधली, मुख्यतः राखीव जमिनीपुरती तरतूद आहे.

स्वशासन म्हटलं की काहींना वेगळं राष्ट्र दिसतं, काहींना सरकारने अलीकडे दिलेलं खातं. मिगमॉंची महासभा, सांते माविओमी, 1876च्या 'इंडियन अॅक्ट'ने निवडून येणारी मंडळं लादण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. आजचं स्वशासन पाहायचं असेल तर शाळेत जावं. 1997च्या करारानंतर आणि पुढच्या वर्षीच्या कायद्याने नोव्हा स्कोशियातल्या नऊ समुदायांनी मुलांचं शिक्षण स्वतःच्या हाती घेतलं, भाषेसकट. अलीकडच्या वर्षांत शालेय शिक्षण पूर्ण करणाऱ्या त्यांच्या मुलांचं प्रमाण 90 टक्क्यांच्या आसपास पोचलं आहे. 2022 मध्ये प्रांतानेही कायदा करून मिगमॉ ही आपली पहिली भाषा असल्याचं मान्य केलं. मेंबर्टू या समुदायाच्या पुढाकाराने मिगमॉ समुदायांनी 2021 मध्ये एका भागीदारासह क्लिअरवॉटर ही बलाढ्य मत्स्य कंपनी सुमारे एक अब्ज डॉलरच्या व्यवहारात विकत घेतली. 'माफक उपजीविका' म्हणजे नेमकं काय, यावर सरकारशी त्यांचा वाद मात्र निकालानंतर वीस वर्षांनीही चालूच होता.

तहावर दोन बाजूंच्या सह्या असतात. हॅलिफॅक्समध्ये घर घेतलेला मराठी माणूस त्यातल्या दुसऱ्या सहीच्या जोरावर तिथे राहतो. 1752च्या तहात दरवर्षी 1 ऑक्टोबरला मैत्रीची उजळणी करायचं ठरलं होतं. 1986 पासून नोव्हा स्कोशियात तो दिवस 'तह दिन' म्हणून पाळला जातो. तुम्ही तिथे असाल तर त्या दिवशी जरूर जा.